सांगोल्याचे आमदार : अकरा विजय आणि दोन पराभव



निवडणुकीचा निकाल लागला की आपण वर्तमानपत्र उघडतो, कोण आला, कोण पडला, किती मतांनी, एवढे वाचतो आणि पेपर घडी करून कपाटाच्या फळीवर अंथरायला ठेवून देतो. पुढची निवडणूक आली की मागची विसरलेली असते. पण एकाच मतदारसंघाचे पन्नास-साठ वर्षांचे निकाल एका कागदावर एकाखाली एक लिहून काढले, तर त्यात नुसती नावे आणि आकडे राहत नाहीत. त्या मुलखातली पाऊसपाण्याची, भाकरीची आणि मनाची हकीकत त्यात उतरलेली दिसते. आज मी असा एकच कागद तुमच्यापुढे ठेवणार आहे. तो आहे सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोला विधानसभा मतदारसंघाचा, आणि त्यावर एक नाव अकरा वेळा आलेले आहे. ते नाव म्हणजे भाई गणपतराव देशमुख. तालुक्यातली माणसे त्यांना आबासाहेब म्हणत.

पहिल्यांदा तो कागद वाचून घेऊ. शिक्षक मंडळींनी फळ्यावर लिहिण्यासारखा आहे. १९६२ ला विजय. १९६७ ला विजय. १९७२ ला पराभव. १९७४ ला पोटनिवडणुकीत विजय. मग १९७८, १९८०, १९८५, १९९० असे चार सलग विजय. १९९५ ला पराभव. आणि पुन्हा १९९९, २००४, २००९, २०१४ असे चार विजय. २०१९ ला वय झाले म्हणून ते उभे राहिले नाहीत. ३० जुलै २०२१ रोजी सोलापूर येथे त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांनी वयाची नव्वदी ओलांडली होती.

आता थोडा हिशेब. त्यांच्याविषयी लिहिताना कोणी ‘पंचावन्न वर्षे आमदार’ असे लिहितो, कोणी आणखी काही आकडा देतो. आपण साधी बेरीज करू. १९६२ ते १९७२ ही दहा वर्षे. १९७४ ते १९९५ ही एकवीस. १९९९ ते २०१९ ही वीस. एकूण झाली सुमारे एक्कावन्न. हा आकडा पुरेसा मोठा आहे, त्यात भर घालायची गरज नाही. तसेच ‘देशातला विक्रम’ असेही पुष्कळदा म्हटले जाते. महाराष्ट्रापुरते ते खरे आहे, या राज्यात अकरा वेळा विधानसभेवर निवडून आलेला दुसरा माणूस नाही. देशात मात्र तामिळनाडूचे एम. करुणानिधी १९५७ पासून २०१६ पर्यंत वेगवेगळ्या मतदारसंघांतून तेरा वेळा निवडून आले. केरळातले के. एम. मणी पाला या एकाच मतदारसंघातून १९६५ पासून तेरा वेळा आले, आणि गंमत अशी की १९६५ साली निवडून आलेली ती विधानसभा कधी भरलीच नाही. ही दोन्ही माणसे एकदाही पडली नाहीत. गणपतराव दोनदा पडले. माझ्या मते त्यांची हकीकत अधिक ऐकण्यासारखी आहे ती या दोन पराभवांमुळेच. पण त्याकडे मग येऊ.

आधी तो मुलूख कसा आहे ते पाहिले पाहिजे. सांगोला तालुका म्हणजे माणदेशाचे पूर्वेकडचे अंग. माण नदी इथून वाहत जाऊन पुढे भीमेला मिळते. वाहते म्हणायचे एवढेच, वर्षातले बरेच महिने तिच्या पात्रात वाळूच दिसते. पाऊस वर्षाला सरासरी पाचशे मिलिमीटरच्या आगेमागे, आणि तोही सांगून येत नाही. मोकळी माळराने, मेंढरांचे कळप, खिलार बैल, आणि दर रविवारी सांगोल्याला भरणारा मोठा जनावरांचा बाजार. ज्वारी, बाजरी, मटकी यांवर संसार. दुष्काळ पडला की माणसे पोट भरायला बाहेर पडायची आणि जनावरे बाजाराची वाट धरायची. त्याच जिल्ह्यात भीमेवर उजनीचे मोठे धरण झाले, शेजारच्या तालुक्यांत ऊस उभा राहिला, साखर कारखान्यांच्या चिमण्या उभ्या राहिल्या. सांगोल्याचा माळ तसाच राहिला. शेजारच्या शिवारात पाणी खळखळते आणि आपल्या शिवारात नाही, हे दुःख नुसत्या दुष्काळापेक्षा वेगळे असते. ज्याने ते पाहिले असेल त्याला अधिक सांगायला नको.

गणपतरावांचा जन्म त्याच जिल्ह्यातल्या मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचा. कायद्याचे शिक्षण घेऊन ते सांगोल्यात वकिली करू लागले आणि शेतकरी कामगार पक्षाच्या कामात पडले. हा पक्ष काय होता हे नव्या पिढीला सांगावे लागेल. स्वातंत्र्य मिळाले त्याच सुमारास, १९४७-४८ साली, केशवराव जेधे, शंकरराव मोरे अशा मंडळींनी काँग्रेसमधून बाहेर पडून तो काढला. १९५० साली नाशिक जिल्ह्यातल्या दाभाडीला त्याचा प्रबंध मंजूर झाला. शेतकरी आणि कामगार यांचे राज्य यावे, मार्क्सवादाची वाट धरावी, असा त्याचा विचार. पक्षातले लोक एकमेकांना ‘भाई’ म्हणत. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात हा पक्ष पुढे होता. महाराष्ट्र राज्य झाले १ मे १९६० रोजी, आणि नव्या राज्याची पहिली निवडणूक झाली ती १९६२ साली.

त्या निवडणुकीचा नूर कसा होता बघा. २६४ जागा, त्यांपैकी २१५ एकट्या काँग्रेसच्या. यशवंतराव चव्हाणांनी मंगल कलश आणला होता, आणि ज्या समितीने राज्यासाठी लढा दिला तिच्यातले पक्ष पांगले होते. शेकापच्या वाट्याला आल्या पंधरा जागा. त्या पंधरांत सांगोल्याचा हा पस्तिशीच्या आसपासचा वकील होता. पंधराच, पण विरोधकांतला सर्वांत मोठा गट तोच, त्यामुळे विरोधी पक्षनेतेपद शेकापच्या कृष्णराव धुळपांकडे गेले. सत्तेच्या बाकापासून फार लांब, पण सभागृहात प्रश्न विचारायला अगदी समोर, अशी ती जागा होती. गणपतरावांचे बहुतेक आयुष्य अशाच जागेवर गेले.

इथे एक प्रश्न आपण स्पष्टच विचारू, कारण तो सांगोल्यात विचारला गेलेला आहे आणि आपापल्या तालुक्यात तुम्हीही विचारत असाल. सत्तेबाहेरच्या माणसाला निवडून देऊन आम्हाला काय मिळाले? रस्ता, धरण, कारखाना, बँकेचे कर्ज, सगळे सत्तेच्या दारातून येते. मग विरोधी बाकावरचा आमदार काय कामाचा?

या प्रश्नाला सोपे उत्तर नाही. विधानसभेत सदस्याच्या हातात काय असते ते आधी ध्यानात घ्या. तो तारांकित प्रश्न विचारतो, त्याला मंत्र्याला उभे राहून तोंडी उत्तर द्यावे लागते आणि वर उपप्रश्न झेलावे लागतात. तो लक्षवेधी सूचना देतो. अर्थसंकल्पाच्या वेळी कपात सूचना मांडतो, म्हणजे या खात्याच्या मागणीतून एवढी रक्कम कमी करा असे म्हणून त्या खात्याच्या कारभारावर बोलतो. रक्कम प्रत्यक्षात कमी होत नाही, हे त्यालाही ठाऊक असते. पण खात्याने दिलेले उत्तर छापील कामकाजात नोंदले जाते. पुढच्या वर्षी तीच नोंद हातात घेऊन तो पुन्हा उभा राहू शकतो. हे काम चिकाटीचे आहे. एक तप तरी जावे लागते तेव्हा एखाद्या प्रश्नाचा निकाल लागतो, आणि दर पाच वर्षांनी नवा आमदार येणार असेल तर ही नोंदवही दर वेळी कोरी सुरू होते. सांगोल्याची वही कोरी झाली नाही. माझ्या दृष्टीने अकरा विजयांचा खरा उपयोग हा.

आता पहिला पराभव. १९७२ साल. बांगलादेशच्या युद्धानंतर इंदिरा गांधींच्या नावाची लाट होती. महाराष्ट्रात काँग्रेसला २२२ जागा मिळाल्या, शेकाप एकोणीसवरून सातवर आला. सांगोल्यात काँग्रेसचे काकासाहेब साळुंखे-पाटील निवडून आले. आणि नेमका तोच काळ महाराष्ट्रातल्या सगळ्यांत भयंकर दुष्काळाचा. बहात्तरचा दुष्काळ म्हटले की आजही घरातली वडीलधारी माणसे मिलो ज्वारी आणि सुकडी यांची नावे घेतात. खडी फोडायच्या कामावर लाखो माणसे होती. त्या दुष्काळातूनच रोजगार हमी योजना उभी राहिली. मागेल त्याला काम, ही कल्पना वि. स. पागे यांची. सत्ताधारी आणि विरोधक दोघांनीही ती उचलून धरली. गणपतराव तेव्हा सभागृहाबाहेर होते. मध्येच सांगोल्याची जागा रिकामी झाली, १९७४ साली पोटनिवडणूक लागली आणि लोकांनी त्यांना परत पाठवले. लाट ओसरायला आणि दुष्काळ सोसायला दोन वर्षे पुरली, असे म्हणता येईल.

पुढे १९७७ साली ते विधानसभेत विरोधी पक्षनेते झाले. १९७८ साली शरद पवारांनी पुरोगामी लोकशाही दलाचे सरकार बनवले तेव्हा मंत्री झाले. रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला होता, पण तो प्रत्यक्ष अमलात आला २६ जानेवारी १९७९ रोजी. बाहेर बसून ज्याने बहात्तर पाहिले तो माणूस त्या दिवशी मंत्रिमंडळात होता. कामाचा हक्क कायद्याने देणारे हे देशातले पहिले राज्य. केंद्राचा कायदा त्यानंतर कितीतरी वर्षांनी, २००५ साली झाला. पुलोदचे सरकार फेब्रुवारी १९८० मध्ये बरखास्त झाले आणि ते मंत्रिपद संपले. पुन्हा १९९९ साली विलासराव देशमुखांच्या आघाडी सरकारात ते मंत्री झाले, तेही २००२ साली शेकापने पाठिंबा काढून घेईपर्यंत. म्हणजे एक्कावन्न वर्षांत मंत्रिपदाची सगळी मिळून चार-साडेचार वर्षे. बाकीचे आयुष्य आमदारकीत गेले, आणि ‘नुसता आमदार’ हा शब्द त्यांच्या बाबतीत वापरायला कोणी धजला नाही.

दुसरा पराभव १९९५ चा, आणि तो मोठा विलक्षण. त्या वर्षी राज्यात काँग्रेसची सत्ता गेली, शिवसेना-भाजप युतीचे सरकार आले. सांगोल्यात मात्र काँग्रेसचे श्री. शहाजीबापू पाटील निवडून आले. फरक किती? १९२ मतांचा. तेव्हा मतपत्रिका होत्या, शिक्का मारून घडी घालून पेटीत टाकायच्या, आणि हाताने मोजायच्या. गणिताच्या तासाला हा आकडा जरूर घ्या. १९२ मतांचा फरक म्हणजे किती माणसांनी मन बदलले असते तर निकाल फिरला असता? मुले झटकन म्हणतील, १९२. पण विचार केला तर उत्तर येते ९७. कारण एक मत इकडून काढून तिकडे घातले की फरक दोनाने कमी होतो. शहाण्णव माणसांनी बाजू बदलली तर बरोबरी, सत्त्याण्णवाव्याने निकाल फिरला. सत्त्याण्णव म्हणजे एखादी वस्ती. लग्नाच्या पंक्तीत एका वेळी बसतील एवढी माणसे.

पराभवानंतर माणूस काय करतो यावर त्याची पारख होते, असे मला वाटते. गणपतराव त्या वेळी साठी उलटून सत्तरीकडे झुकलेले होते. तेहतीस वर्षांपूर्वी पहिल्यांदा निवडून आलेले. अशा वयात, एवढ्याशा मतांनी पडल्यावर, पुष्कळ माणसे घरी बसतात किंवा ज्याची सत्ता त्याच्या पक्षात जातात. दोन्हीला लोकांनी समजून घेतले असते. त्यांनी पक्ष बदलला नाही आणि काम सोडले नाही. त्या काळात त्यांचे लक्ष ज्या कामाकडे होते ते काम म्हणजे पाण्याचे, आणि त्याबद्दल मी जरा सविस्तर सांगतो, कारण सांगोल्याच्या कागदावरच्या पुढच्या चार विजयांची मुळे तिथे आहेत.

कृष्णा नदीच्या पाण्याचा तंटा तीन राज्यांत होता : महाराष्ट्र, कर्नाटक आणि तेव्हाचा आंध्र प्रदेश. न्यायमूर्ती बच्छावत यांच्या लवादाने १९७३ साली निवाडा दिला, १९७६ ला तो अंतिम झाला. महाराष्ट्राच्या वाट्याला आले ५६० अब्ज घनफूट पाणी. वाटप मिळाले तरी ते पाणी अडवायला धरणे हवीत, उचलायला पंप हवेत, न्यायला कालवे हवेत. २००० साली वाटपाचा फेरविचार होणार होता. तोवर आपण आपल्या वाट्याचे पाणी वापरले नाही तर पुढे ते हक्काने मागणे अवघड होईल ही भीती होती. आणि दुष्काळी तालुक्यांना तर आणखी वेगळी भीती. पाणी वापरले जाईलही, पण ते नदीकाठच्या उसालाच मिळेल आणि माळावरचा माणूस पुन्हा बघतच राहील.

या भीतीतून १९९३ साली सांगली जिल्ह्यातल्या आटपाडीला पाणी परिषद भरली. पत्री सरकारच्या काळातले स्वातंत्र्यसैनिक, वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी हे तिचे प्रमुख. त्यांच्याबरोबर डॉ. भारत पाटणकर आणि गणपतराव देशमुख. सांगली, सातारा, सोलापूर या भागांतले तेरा दुष्काळी तालुके एकत्र आले. वर्षानुवर्षे परिषदा भरल्या, मोर्चे निघाले, धरणे धरले गेले. यांची मागणी नुसती ‘पाणी द्या’ एवढी नव्हती. पाणी समन्यायी वाटा, प्रत्येक कुटुंबाला वाटा द्या, जमीन नसलेल्यालाही द्या, असे ते म्हणत होते. ही कल्पना ऐकायला साधी आहे, पण आपल्याकडे पाणी जमिनीच्या मागे जाते, माणसाच्या मागे जात नाही. ज्याची जमीन मोठी त्याचे पाणी मोठे. त्या रिवाजाला हात घालायचा म्हणजे कठीणच काम.

१९९६ साली कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाले आणि उपसा योजनांना वेग आला. कराडजवळ टेंभू गावापाशी कृष्णेचे पाणी अडवायचे, टप्प्याटप्प्याने पंपांनी वर चढवायचे आणि कडेगाव, खानापूर, आटपाडी करत सांगोल्याच्या शिवारात आणायचे, ही टेंभू योजना. दुसरी म्हैसाळची, मिरज तालुक्यातून जत, कवठे महांकाळ, मंगळवेढा या बाजूला जाणारी, तिचाही फायदा सांगोल्याच्या काही भागाला. डोंगर चढवून नेलेले हे पाणी विजेवर चालते, आणि विजेचे बिल ही या योजनांची कायमची दुखरी नस. बिल थकले की पंप बंद, पंप बंद की कालवा कोरडा. पुढे सरकारने बिलाचा ८१ टक्के भार आपण उचलायचा आणि १९ टक्के शेतकऱ्याने द्यायचा असे सूत्र धरले. ही कामे एका दिवसात झाली नाहीत आणि एका माणसाने तर मुळीच केली नाहीत. वेगवेगळ्या पक्षांच्या सरकारांनी पैसे दिले, वेगवेगळ्या तालुक्यांच्या पुढाऱ्यांनी जोर लावला. पण सभागृहात एक आवाज आणि माळावर दुसरा, असे दोन्हीकडे सारखा एकच प्रश्न मांडणारी माणसे थोडी होती, त्यांत गणपतराव होते.

आणि तरीही सांगितले पाहिजे की पाणी उशिरा आले. पहिल्या निवडणुकीत ज्यांनी त्यांना मत दिले त्यांच्यापैकी कितीतरी जणांनी ते पाणी पाहिलेच नाही. २०१२-१३ च्या आणि २०१८-१९ च्या दुष्काळात सांगोल्यात जनावरांच्या चारा छावण्या उभ्या राहिल्या. बायामाणसे गोठ्यातली जनावरे घेऊन छावणीत राहायला गेली, मुले तिथून शाळेला जात. अकरा वेळा निवडून आलेल्या आमदाराच्या तालुक्यात हे घडले. ज्यांना त्यांच्या कारकीर्दीचे कौतुक करायचे असेल त्यांनी हेही त्याच कागदावर लिहिले पाहिजे. दुष्काळ पाडणे किंवा न पाडणे आमदाराच्या हाती नसते हे खरे, पण सत्तेच्या जवळ असलेल्या तालुक्यांत पाणी आधी गेले हेही तितकेच खरे.

दरम्यान शेतकरी गप्प बसला नव्हता. शेततळी खणली, ठिबक टाकले आणि त्या थेंब-थेंब पाण्यावर डाळिंबाच्या बागा लावल्या. सांगोल्याचे डाळिंब देशभर गेले. २८ डिसेंबर २०२० रोजी देशातली शंभरावी किसान रेल्वे निघाली, ती सांगोल्याहून थेट पश्चिम बंगालमधल्या शालिमारला. मात्र मग तेल्या आणि मर रोगाने पुष्कळ बागा बसवल्या, ते दुःख निराळेच. तालुक्यात शेतकरी सहकारी सूतगिरणी उभी राहिली, तीही गणपतरावांच्या पुढाकाराने. जिथे उसाला पाणी नाही तिथे साखर कारखान्याचा हट्ट धरण्यापेक्षा चाती फिरवाव्यात आणि पोरांना तालुक्यातच काम द्यावे, हा त्यामागचा हिशेब मला शहाणपणाचा वाटतो.

गणपतराव एस. टी.ने प्रवास करीत, त्यांची राहणी साधी होती, ही गोष्ट तुम्ही सर्वांनी ऐकली आहे. ती खरी आहे. पण तेवढ्यावर कोणी अकरा वेळा निवडून येत नाही. साधी राहणारी आणि अनामत गमावणारी माणसे आपल्या राज्यात काही कमी झाली नाहीत. एस. टी.चा उपयोग मला वेगळाच दिसतो. ज्या गाडीतून शेतकरी बाजाराला जातो, ज्या फलाटावर तो गाडीची वाट पाहतो, तिथे आमदार भेटला की तक्रार सांगायला चिठ्ठी लागत नाही, मध्ये कोणी लागत नाही. आणि निवडणुका नुसत्या सद्गुणांवर होत नाहीत, हेही मोकळेपणाने बोलू. आघाड्या झाल्या, समझोते झाले, गटातटाची गणिते बसवली गेली. शेकापचा माणूस असला तरी तो राजकारणातला माणूस होता, संन्यासी नव्हता.

आता कागदावरची एक गोष्ट अशी आहे की ती पाहून मी स्वतः बराच वेळ थांबलो. शेकापच्या जागा ओळीने लिहा. १९६२ ला १५, १९६७ ला १९, १९७२ ला ७, १९७८ ला १३, १९८० ला ९, १९८५ ला १३. मग उतार. १९९० ला ८, १९९५ ला ६, १९९९ ला ५, २००४ ला २, २००९ ला ४, २०१४ ला ३. एके काळी विरोधी पक्षनेतेपद ज्याच्या घरचे असे वाटावे तो पक्ष, एका टांग्यात मावेल एवढा झाला. आणि या सगळ्या उतारात सांगोला उभा. याचा अर्थ दोन्ही बाजूंनी लावता येतो. लोकांनी पक्ष बघितला नाही, माणूस बघितला, असे एक जण म्हणेल. दुसरा विचारेल, मग त्या माणसाने आपल्यासारखी आणखी चार माणसे शेजारच्या तालुक्यांत का उभी केली नाहीत? दुसऱ्या प्रश्नात तथ्य आहे. मोठ्या झाडाखाली सावली असते, रोपे मात्र कमी वाढतात. ही तक्रार एकट्या गणपतरावांची नाही, साऱ्या शेकापची आहे, पण सर्वांत उंच झाड तेच असल्याने त्यांच्या नावावर ती लिहिली जाते.

मतदारही बदलले, तेही ध्यानात घ्या. १९६२ साली मत द्यायला एकवीस वर्षे पुरी लागत. म्हणजे सर्वांत तरुण मतदार १९४० च्या आसपास जन्मलेला, पारतंत्र्य पाहिलेला. मतदानाचे वय अठरावर आले ते १९८८ च्या घटनादुरुस्तीने, आणि १९९० च्या विधानसभेला अठरा वर्षांची पोरे पहिल्यांदा रांगेत उभी राहिली. २०१४ साली मत देणारा सर्वांत तरुण मतदार १९९६ चा. पहिल्या मतदाराचा तो नातू किंवा नात. आजोबाने छापील मतपत्रिकेवर शिक्का मारला, नातवाने यंत्राचे बटण दाबले, आणि दोघांसमोर नाव एकच. त्या निवडणुकीत शिवसेनेकडून उभ्या असलेल्या श्री. शहाजीबापू पाटलांचा त्यांनी पंचवीस हजारांच्या आसपास मतांनी पराभव केला.  नव्वदीच्या उंबरठ्यावरच्या माणसाला नातवंडांच्या पिढीने मत का द्यावे, याचा विचार आज सभा-मिरवणुकांवर पैसा ओतणाऱ्यांनी करून पाहावा.

२०१९ साली गणपतराव थांबले. शेकापने त्यांचे नातू डॉ. अनिकेत देशमुख यांना उभे केले. समोर पुन्हा शहाजीबापू पाटील, शिवसेनेचे. शहाजीबापूंना ९९,४६४ मते पडली, अनिकेत यांना ९८,६९६. फरक ७६८. लाखाला टेकलेल्या दोन राशी आणि मध्ये मूठभर दाणे. मघाचे गणित इथेही करा, उत्तर येईल ३८५. पुढे २०२२ साली राज्यातल्या सत्तांतराच्या वेळी शहाजीबापूंच्या ‘झाडी-डोंगर’ वर्णनाने सांगोल्याचे नाव घरोघर गेले, ते तुमच्या कानावर आलेच असेल. एवढी वर्षे पाण्यासाठी बोलणाऱ्या तालुक्याची ओळख महाराष्ट्राला अशी व्हावी, याचे मला थोडे हसू आले आणि थोडे वाईटही वाटले. २०२४ च्या निवडणुकीत गणपतरावांचे दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख शेकापच्याच तिकिटावर सांगोल्यातून निवडून आले. साऱ्या महाराष्ट्रात त्या पक्षाची निवडून आलेली ती एकमेव जागा.

घराण्याची ही रीत शेकापसारख्या पक्षात यावी का, असा प्रश्न विचारणारे विचारतात, आणि दाभाडीचा प्रबंध ज्यांनी वाचला आहे त्यांनी तो विचारलाच पाहिजे. सांगोलेकरांनी आपले उत्तर एकदा ७६८ मतांनी नाही म्हणून दिले, एकदा होय म्हणून दिले. नातवाला आजोबांचे नाव मिळाले, पण वही मिळाली की नाही, हे तारांकित प्रश्नांच्या यादीवरून पुढे कळेल.

शिक्षक बंधुभगिनींना शेवटी एक काम सांगतो. निवडणूक आयोगाने १९५१-५२ पासूनच्या प्रत्येक विधानसभा निवडणुकीचे तपशीलवार अहवाल प्रसिद्ध केलेले आहेत. त्यांत तुमच्या मतदारसंघाचे पान आहे : किती मतदार, किती जणांनी मत दिले, किती मते बाद झाली, प्रत्येक उमेदवाराला किती मते पडली. सातवी-आठवीच्या मुलांना घेऊन तुमच्या तालुक्याचा असा एक कागद तयार करा. दोन गोष्टींची काळजी घ्या. मतदारसंघांच्या सीमा मध्येच बदललेल्या असतात, तेव्हा जुन्या नावाखाली आजचीच गावे असतील असे धरू नका. आणि पोटनिवडणुका त्या अहवालात बहुधा सापडत नाहीत, त्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचाराव्या लागतात. प्रत्येक सालापुढे एक रिकामा रकाना ठेवा आणि त्या वर्षी गावात पाऊस कसा होता, विहिरीला पाणी कुठवर होते, ते मुलांना आजी-आजोबांना विचारून भरायला सांगा.